एकीपुरता मऊ भात

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्याच्या हद्दीतली आणि कोणता आरोपी कोणत्या वर्षीचा, हे सांगताना मी अडखळतो आणि बायको मोठ्या आनंदाने माझी चूक दुरुस्त करते. म्हैसूरच्या गोकुलम वस्तीतल्या त्या जेवणाची संध्याकाळ मात्र पानात काय वाढलं होतं त्यासकट अजून डोळ्यांसमोर आहे. नावं मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं याच शहरात आहेत आणि त्यातल्या एका मुलीला अजून अख्खं आयुष्य काढायचं आहे.

आमचं घराणं म्हैसुरात कैक पिढ्या राहतंय. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की महाराष्ट्रातले पाहुणे आले की तोंडावर हात ठेवून हसतात. ठाण्याचा सगळा कारभार कानडीत चालायचा. पण मराठी माणसाची भानगड आली की वरिष्ठ ती हमखास माझ्याकडे ढकलायचे. भाऊबंदकी, भाडेकरू, सोसायटीतली पार्किंगची भांडणं, असलं बरंच माझ्या नशिबी आलं. हे प्रकरणही तसंच माझ्या टेबलावर आलं.

शनिवारी सकाळची हजेरी आटोपून मी बाहेर आलो तेव्हा बाकावर एक बाई बसली होती. सरगूरजवळच्या खेड्यातून पहिल्या बसने आलेली. ठाण्यात येणारी माणसं साधारणपणे आल्याबरोबर रडतात, नाहीतर आल्याबरोबर भांडतात. ही बाई दोन्हीही करत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती समोर बघत होती. अशा माणसांची मला जास्त धास्ती वाटते.

"ऊटा आयता, अम्मा?" मी विचारलं. म्हैसुरात माणूस भेटला की आधी जेवलात का हे विचारायचं, मग बाकीचं. ठाण्यातही ती सवय सुटत नाही.

"नाही, स्वामी. मुलगी सापडली की जेवीन," ती कानडीत म्हणाली.

तिची मुलगी गोकुलममध्ये एका मराठी जोडप्याकडे राहून घरकाम करत होती. एक दिवसाआड बाईंच्या फोनवरून आईशी बोलायची. तो फोन आलाच नाही. आईने स्वतः लावला, तर घरचे साहेब म्हणाले की ती बुधवारीच सरगूरची बस धरून गेली. मुलगी गावाला पोहोचलीच नव्हती. मग आई थेट त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्यांनी फाटकातूनच तेच सांगितलं, वर असंही म्हणाले की कोणाबरोबर तरी निघून गेली असेल, या वयात होतं असं.

"माझी मुलगी मला न सांगता देवळातसुद्धा जात नाही," ती म्हणाली.

वय विचारलं तर तिने अठरा सांगितलं. फारच पटकन सांगितलं. आमच्या ठाण्यात एक हेड कॉन्स्टेबल बाई होत्या. आवाज खणखणीत, पण बायकांशी बोलताना त्याच आवाजाला मऊ करायचं कसब त्यांच्याकडे होतं. त्यांनी वय पुन्हा विचारलंच नाही. मुलगी कितवीपर्यंत शिकली, शाळा कधी सोडली, हेच बोलता बोलता काढलं. नववी झाल्यावर गेल्याच वर्षी सोडली होती. म्हणजे मुलगी सोळाची. काम मिळावं म्हणून वय वाढवून सांगितलं होतं आणि ठेवून घेणाऱ्यांनीही कागद मागितला नव्हता. वय अठराच्या आत म्हटल्यावर नुसती बेपत्ता अशी नोंद करून चालत नाही, अपहरणाचा गुन्हा लावावा लागतो. तो नोंदवून घेतला आणि मी गोकुलमला गेलो.

घर नीटनेटकं होतं. दारात तुळस, भिंतीला शोभेची चित्रं. नवरा एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, बायको पूर्वी शिक्षिका, आता समाजकार्यात. महाराष्ट्रातून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. माझं आडनाव ऐकून नवऱ्याचा चेहरा खुलला.

"अरे वा, तुम्ही आपलेच की. बसा ना, चहा घ्या."

आपलेच म्हटल्यावर माझ्यातला पोलीस अर्धा विरघळेल अशी लोकांची समजूत असते. मी चहा घेतला. चहा चांगला होता.

साहेबांनी सगळं क्रमाने सांगितलं. मुलीला आईची आठवण येत होती. बुधवारी सकाळी त्यांनी स्वतः गाडीने तिला बसस्थानकावर सोडलं. तिच्या अंगात निळा कुर्ता होता, हातात लाल पिशवी होती, खिडकीची जागा मिळाली. खरं बोलणाऱ्या माणसाच्या सांगण्यात खळगे असतात. कुर्ता कोणत्या रंगाचा होता ते त्याला आठवत नाही, मग बायको सांगते, मग दोघांचं जुळत नाही. इथे एकही खळगा नव्हता. बायको मात्र एक शब्द बोलली नाही. नवरा बोलत असताना ती कपबशीकडे बघत होती. मी तिला थेट विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो, हे म्हणतात तसंच."

निघताना नवऱ्याने आमंत्रण दिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, जगातल्या भुकेविषयी लोकांना जाग यावी म्हणून एक भोजन ठेवलं होतं. इथली मराठी मंडळी जमणार होती आणि सगळा कार्यक्रम त्याच्या बायकोने उभा केला होता. "तुम्ही याच. पोलीस खात्यातलं कोणी आलं तर आम्हाला बरं वाटेल," तो म्हणाला.

दुपारभर आमची माणसं बसस्थानकावर होती. कॅमेऱ्यात गर्दीच गर्दी, निळे कुर्तेही ढिगाने. त्या सकाळच्या सरगूरच्या कंडक्टरांना विचारलं, कोणालाही काही सांगता येईना. ती बसमध्ये चढली नाही, हेही त्यातून सिद्ध होत नव्हतं.

रविवारी दुपारी खबर आली, तीही भलत्याच दिशेने. गोकुलममध्ये योग शिकायला परदेशी माणसं येऊन राहतात. त्या घरासमोरच्या वरच्या मजल्यावर अशीच एक पन्नाशीची बाई भाड्याने राहत होती. ती तिच्या घरमालकाला बरोबर घेऊन ठाण्यात आली. खुर्चीवर ताठ बसली आणि मला कळावं म्हणून इंग्रजी सावकाश बोलू लागली. मला इंग्रजी येतं हे सांगून मी तिची लय मोडली नाही.

तिचं म्हणणं असं. समोरची मुलगी रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढायची, ही गॅलरीतून बघायची. आता बाई स्वतः काढतात. मुलगी गावी गेली म्हणतात, पण तिचे कपडे गच्चीवरच्या दोरीवर तसेच आहेत. मंगळवारी सकाळी त्या घराकडून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला होता. आणि त्यानंतर रोज दुपारी त्या घरात मोठ्याने गाणी लागतात. इतक्या महिन्यांत कधी लागली नव्हती. हे सगळं सांगून झाल्यावर ती थोडी घुटमळली आणि म्हणाली की शुक्रवारी रात्री साहेबांनी गाडीत एक गादी भरून नेली होती.

ती गेल्यावर मी आणि हेड कॉन्स्टेबल बाई एकमेकांकडे बघत बसलो. गाणी लावून आवाज दाबावा लागतो तो आवाज करणाऱ्याचा. म्हणजे मुलगी जिवंत होती, निदान काल दुपारपर्यंत. पण होती कुठे? त्या जोडप्याचं शहराबाहेर वरुणा गावाकडे एक लहानसं शेतघर असल्याचं चौकशीत कळलं होतं. गादी तिकडेच गेली असेल तर?

मी एसीपी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "झडती घ्यायला माझी ना नाही. पण जागा दोन आहेत. चुकीच्या दारावर थाप मारलीत आणि ते सावध झाले, तर दुसऱ्या जागेवरून मुलगी हलेल. किंवा आणखी वाईट होईल. एक पक्की गोष्ट हातात घ्या आणि मग जा."

मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घाबरलेला माणूस पुरावा नाहीसा करायला निघाला की काय करतो, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा असं ठरलं. हेड कॉन्स्टेबल बाई साध्या साडीत, दोन शिपाई घेऊन, गोकुलमच्या घराजवळ थांबतील. एक सबइन्स्पेक्टर वरुणाला जाऊन शेतघरावर नजर ठेवील. आणि मी एक शिपाई बरोबर घेऊन जेवायला जाईन, कारण नवरा-बायको दोघंही तिथे असणार होती. त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून जागा काढायची, एवढंच माझं काम. मुलीची आई ठाण्यातच होती. आदल्या दिवसापासून तिने फक्त पाणी घेतलं होतं.

सभागृहाच्या दाराशी एका पितळी घागरीत रंगीत मणी ठेवले होते. येणाऱ्याने हात घालून एक उचलायचा. लाल मणी आला तर पांढरी चादर घातलेल्या टेबलावर केळीच्या पानात पंचपक्वान्न. पिवळा आला तर बाकावर भात आणि सार. पांढरा आला तर जमिनीवर बसायचं, नुसता भात आणि पाणी. जगात कोणाच्या ताटात काय पडतं ते निव्वळ जन्माच्या सोडतीवर असतं, हे लोकांना कळावं म्हणून ही युक्ती होती. लाल मणी अगदी थोडे होते, पांढरेच भरपूर. मला पांढरा आला.

स्वयंपाकघराची सूत्रं एका काकूंकडे होती. आमच्यासारख्याच जुन्या म्हैसूरकर, मला लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांनी मला जमिनीवर बसलेलं पाहिलं.

"काय रे, पांढरा का तुला? बरं झालं. पोट बघ केवढं वाढलंय, अल्वा? खरं की नाही?"

"वाढाल ते खातो, काकू."

"सुम्मने, गप बस. मी काय वाढणार, नुसता भात. हे यांचं नवीन फॅशन. माझ्या हातानं कुणाला कोरडा भात वाढायचा म्हणजे मला कसंतरीच होतं बघ."

व्यासपीठावर पाहुण्यांसाठी गादी अंथरली होती, नवी कोरी, निळ्या खोळीची. शुक्रवारी रात्री गाडीतून गेलेली गादी हीच असावी. पण असावी म्हणजे आहे असं नव्हे. गाद्या जगात पुष्कळ असतात.

नवऱ्याला लाल मणी आला होता. तो टेबलावर चार प्रतिष्ठितांमध्ये बसून चिरोटीवर दूध ओतून घेत होता. बायकोचं भाषण झालं. जगात किती माणसं आज उपाशीपोटी झोपणार आहेत, त्यात मुलं किती, आयांना काय वाटत असेल, असं ती बोलत होती. "आयांना" म्हणताना तिचा आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, "फार मनापासून बोलतात बाई." मनापासूनच बोलत होती, त्यात शंका नव्हती.

भाषण संपवून ती जमिनीवरच्या पंगतीत येऊन बसली, माझ्या समोर. तिने मणी उचललाच नव्हता म्हणे, आपणहून पांढऱ्यांत आली होती. तिच्यापुढे भात वाढला गेला. तिने त्याला हात लावला नाही.

"जेवत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"भूक नाही हो साहेब."

"त्या मुलीची आई पण जेवत नाहीये. कालपासून ठाण्यात बसून आहे."

तिने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सापडेल ती," ती म्हणाली. "हे म्हणत होते, सापडेल."

"तुम्ही काय म्हणता?"

लाल मणीवाल्यांच्या टेबलावरून नवरा आमच्याकडे बघत होता. त्याने हात उंचावून मला ओळख दिली, हसला, पण त्याचा घास हातातच राहिला होता. मी भात खाऊ लागलो. कोरडा भात घशाखाली उतरत नाही, हे त्या दिवशी मला नीटच समजलं. एकेका घासाला वाटायचं, ती मुलगी आत्ता कुठल्या तरी बंद खोलीत आहे आणि आपण इथे मांडी घालून बसलोय. खिशातला फोन थरथरला. हेड कॉन्स्टेबल बाईंचा निरोप होता, घरात अंधार आहे, काही हालचाल नाही. आता गाणीही नव्हती. झाकायला आवाजच उरला नव्हता का?

आणखी थोडा वेळ वाट बघून मी उठणारच होतो. एसीपी साहेब काय म्हणतील ते म्हणोत, दोन्ही दारं एकदम फोडायची, असं मनात पक्कं झालं होतं. तेवढ्यात काकू आल्या.

आमच्या लोकांत एक रीत आहे. कार्य कुठलंही असो, निघणाऱ्या बाईला यजमानीण विचारते की घरी कोण राहिलंय. घरी कोणी म्हातारं, आजारी, बाळंतीण असेल तर तिच्या वाटणीचा डबा भरून द्यायचा. विचारणारीला आणि सांगणारीला त्यात काही वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. भुकेवरचं भोजन म्हणून काकूंनी ती रीत सोडली नव्हती. शिवाय लाल टेबलावरचं अन्न उरलं होतं आणि ते टाकणं त्यांच्या जिवावर आलं असतं. डब्यांची चळत कमरेवर घेऊन त्या पंगतीतून फिरत होत्या.

"अगं, सगळ्यांचं करता करता तुझं राहिलंच. घरी कोण आहे तुझ्या? किती जणांचं घालू?"

त्या बाईने मान वर केली नाही. पानातल्या भाताकडे बघत ती म्हणाली, "एकीपुरतं घाला, काकू. तिखट नको. मऊ भात आणि थोडं ताक."

"मऊ भात? कोण आजारी आहे का गं?"

आता तिने वर पाहिलं. आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं. चेहरा पांढराफटक पडला. नवरा टेबलावरून उठून आलाच होता.

"नको नको काकू, घरी कोणी नाही. आम्ही दोघंच तर असतो," तो म्हणाला. आवाज अगदी गोड होता.

काकू एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागल्या. "ती म्हणते एक, तू म्हणतोस कोणी नाही. डबा घालू की नको, सरीयागी, नीट सांगा बघू," त्या म्हणाल्या.

मी उठलो. "काकू, जरा कोठीची खोली मोकळी करा. बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत. आणि साहेब, तुम्ही इथेच बसा." माझ्याबरोबर आलेला शिपाई नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसला.

कोठीत तांदळाची पोती आणि तेलाचे डबे होते. मी दार लोटून घेतलं, पण काकूंना आत ठेवलं. बाईमाणसाची चौकशी एकट्याने करायची नाही, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. मी आवाज चढवला नाही. त्या वेळी मला गुन्हा कबूल करून घ्यायचा नव्हता, फक्त जागा हवी होती. आरडाओरडा केला की माणूस आधी स्वतःला वाचवायला बघतो, आणि तेवढ्यात वेळ जातो.

"श्वास चालू आहे का तिचा?" मी विचारलं.

ती जमिनीवरच बसली. "सकाळी होता."

"कुठे आहे?"

"यांनी सांगितलंय, कार्यक्रम झाला की रात्री बंगळूरला नेऊ. तिथे कोणी ओळखत नाही. आज होऊन जाऊ दे म्हणाले."

"बाई, घरी की शेतावर?"

ती रडू लागली. काकू तिच्याजवळ खाली बसल्या. एव्हाना त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला नाही की समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "सांग. कुणासाठी मागत होतीस मऊ भात?"

"घरीच आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघरामागच्या खोलीत. किल्ली यांच्याकडे आहे."

मी फोन लावला आणि चालूच ठेवला. हेड कॉन्स्टेबल बाईंनी शेजारचे दोघे पंच म्हणून घेतले. आमच्याकडे पंचनाम्याला महजर म्हणतात, तो पुढे कोर्टात टिकायचा तर दार फोडतानाही पंच लागतात. फाटक वाजलं. मागच्या दाराचं कुलूप तुटल्याचा आवाज आला. मग भांडी सरकली, कोणीतरी दिवा कुठे आहे म्हणालं. मग दुसरं कुलूप. ते लवकर तुटेना. मी कोठीत उभा राहून फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. बाई खाली बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. आणि मग दार उघडल्याचा आवाज आला.

"बाई?" मी फोनमध्ये म्हणालो.

"आहे, सर." त्यांचा खणखणीत आवाज मला ओळखू येईना. "अंग भाजतंय. डोळे उघडत नाही. पण आहे."

मी भिंतीला टेकलो. काकूंनी हात जोडले.

बाहेर नवरा पुन्हा त्याच्या जागेवर बसला होता. मी त्याला हळूच सांगितलं की मुलगी सापडली आणि त्याला माझ्याबरोबर यावं लागेल. त्याने इकडे तिकडे पाहिलं. आभारप्रदर्शन सुरू होतं. "साहेब," तो म्हणाला, "पाच मिनिटं थांबता येईल का? आभार होऊ द्या. लोकांसमोर नको." मी इतकी वर्षं नोकरी केली, शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. पण एखाद्याच्या कानशिलात द्यावी असं मला त्या क्षणाइतकं कधी वाटलं नाही. दिली नाही. दंडाला धरून बाहेर नेलं.

घडलं होतं ते असं. मंगळवारी मुलगी गच्चीवरच्या टाकीवर चढून ती घासत होती. तिथून पडली. मांडीचं हाड मोडलं, वर मोठी जखम झाली. दवाखान्यात नेलं तर वय विचारणार, कागद मागणार, पोलिसात कळवणार. त्यात रविवारी कार्यक्रम. नवऱ्याने ओळखीच्या एका डॉक्टरला दुसऱ्याच कोणाचं तरी दुखणं म्हणून फोनवर विचारून गोळ्या आणल्या आणि खोलीला कुलूप लावलं. चार दिवस काढायचे होते, बस. जखमेत पू झाला आणि ताप चढत गेला. सर्जननी आम्हाला सांगितलं की आणखी एक रात्र गेली असती तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. मुलगी वाचली. तिचा एक पाय थोडा आखूड राहिला.

तिच्या आईला मीच दवाखान्यात नेलं. तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला, तिथेच खाली बसली आणि मला म्हणाली, "स्वामी, आता काही खायला मिळेल का?" मी स्वतः कॅन्टीनमधून इडल्या आणल्या. ती खात असताना मी तोंड फिरवून उभा होतो, कारण माझे डोळे भरून आले होते.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, या धंद्यात काय शिकलात. खुनी माणसांविषयी, चोरांविषयी मला सांगता येतं. या प्रकरणाविषयी सांगताना मी अजून चाचपडतो. ती बाई ढोंगी असती तर माझं काम सोपं होतं. पण ती ढोंगी नव्हती. पंगतीत बसून तिला घास उतरत नव्हता, तो खरोखरच उतरत नव्हता. डबा मागितला तोही खराच. आमच्या लोकांत जेवू घालणाऱ्या हाताला फार मान आहे, आणि त्याच हाताने आपण बाकीचं सगळं झाकतो. पोटाला घातलं ना, मग झालं, असं आपण म्हणतो. नोकराबद्दल, म्हाताऱ्या आईबापांबद्दल, कधी बायकोबद्दलही. तेव्हापासून चौकशीत कोणी "आम्ही तिला काही कमी केलं नाही" म्हणालं, की मी पेन खाली ठेवून विचारायचो, आणि ती काय मागत होती?

खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्या वकिलानेही तोच धागा धरला. मुलगी कुबडी घेऊन साक्षीला उभी होती. तो तिच्याशी अगदी प्रेमाने बोलत होता.

"बाई तुला रोज जेवायला द्यायच्या ना?"

"द्यायच्या."

"स्वतःच्या हाताने भरवायच्या?"

"हो. भरवायच्या. रडायच्या पण."

"कधी मारलं? शिवी दिली? उपाशी ठेवलं?"

"नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळून खाली बसायला लागला होता. मुलीला वाटलं, प्रश्न अजून संपलेला नाही. ती तशीच उभी राहून म्हणाली, "त्या गेल्या की मी ताट वाजवायचे. रोज वाजवायचे. आईला फोन लावा म्हणून. त्यांना ऐकू येत होतं."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं, आणि टंकलेखकाने तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं.